काळा पडलेला पाय : एका रोगाचा आणि एका आशेचा इतिहास

इतिहासाच्या अध्यापकाकडे वैद्यकीय सल्ला मागावयास सहसा कोणी येत नाही, आणि येऊ नये हेच बरे. तथापि गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमचा एक जुना विद्यार्थी, मूळचा चाकणजवळच्या महाळुंग्याचा, एक रंगीत छापील कागद हाती घेऊन आमच्या घरी आला. "सर, हे खरं असेल का, तेवढं सांगा. सगळं इंग्रजीत आहे, आणि दादाच्या पायाचा प्रश्न आहे," असे तो म्हणाला. रक्ताभावी सुकत चाललेल्या पायात 'मूलपेशी' टोचून तेथे नव्या रक्तवाहिन्या उत्पन्न करण्याचे आश्वासन त्या कागदावर होते. एका कोपऱ्यात पेन्सिलीने चार लाखांचा आकडा लिहिलेला होता, आणि त्यातील काही रक्कम विसार म्हणून दिलीही गेली होती.

पुढल्या रविवारी आम्ही महाळुंग्यास गेलो. ज्यांनी हे गाव तीस वर्षांपूर्वी पाहिले असेल त्यांस ते आज ओळखू येणार नाही. जेथे बाजरी आणि कांदा होत असे त्या शिवारात आज बजाजचा दुचाकींचा कारखाना आहे, आणि भोवतालच्या गावांतून मोटारी व त्यांचे सुटे भाग तयार होतात. विद्यार्थ्याचा थोरला भाऊ कारखान्यांना माणसे पुरविण्याचा ठेका घेत असे. वय अवघे अडतीस. तो खाटेच्या कडेला उजवा पाय खाली सोडून बसला होता. रात्री निजला की पायास आग लागते, खाली लोंबता सोडला म्हणजे थोडा उतार पडतो, म्हणून गेले दोन महिने तो बसल्या बसल्याच झोप घेत होता. अंगठ्याशेजारचे बोट सुकल्या जांभळासारखे काळे पडले होते. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जावयास पूर्वी त्यास विसावा लागत नसे. आता तीनदा थांबावे लागे. उशाशी काडेपेटी आणि विडीचे अर्धे बंडल होते.

इतिहासाच्या माणसाला चाकणला जाऊन संग्रामदुर्ग आठवू नये हे अशक्य. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी शाएस्तेखानाच्या अफाट फौजेसमोर तो सुमारे दोन महिने झुंजविला, आणि तो पडला तो रसद तुटून नव्हे, तर सुरुंगाने बुरूज उडाला म्हणून. मनुष्याच्या पायाचा कोट मात्र रसद तुटूनच पडतो. आत लढणारी प्रत्येक पेशी धडधाकट असते, पण वाटच बंद झाल्यावर ती करणार काय?

या रोगाचा लेखी इतिहास फार जुना नाही. १८७९ साली फॉन विनिवार्टर या ऑस्ट्रियन शल्यवैद्याने अशा एका रुग्णाच्या पायाचे वर्णन केले. पुढे १९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील लिओ बर्जर याने कापून टाकलेले अकरा अवयव बारकाईने तपासले आणि या व्याधीस निराळे नाव दिले. वृद्धांच्या रोहिण्यांत मेदाचे व चुन्याचे थर साचून त्या अरुंद होतात, ती गोष्ट वेगळी. येथे तरुण पुरुषांच्या हातापायांतील लहान व मध्यम रोहिण्यांना, आणि शेजारच्या नीलांनाही, सूज येऊन त्यांत गुठळ्या धरत होत्या. त्या रुग्णालयात पूर्व युरोपातून आलेले ज्यू निर्वासित फार येत. म्हणून कित्येक वर्षे हा ज्यूंचाच रोग समजला गेला. आपल्या दारात जे रोगी येतात त्यांच्याच जातीचा तो रोग मानावयाचा, ही चूक करणारे बर्जरचे समकालीन पहिले नव्हेत आणि शेवटचेही नव्हेत. हिंदुस्थान, जपान, कोरिया या देशांतील वैद्यांनी आपापले रोगी मोजावयास आरंभ केल्यावर ती समजूत मावळली. जात, धर्म, देश सर्व निरनिराळे. समान धागा एकच निघाला, तो तंबाखूचा.

तंबाखूचे नेमके कोणते द्रव्य रोहिणीस दुखविते व ते सर्वच विडी ओढणाऱ्यांस का बाधत नाही, हे अद्याप पुरते उलगडलेले नाही. परंतु एक गोष्ट शंभर वर्षांच्या अनुभवाने पक्की झाली आहे. ज्याने तंबाखू पूर्णपणे सोडली त्याचा पाय बहुधा वाचतो, आणि ज्याने दिवसाला एक-दोन विड्यांपुरती का होईना सवलत ठेवली त्याचा रोग पुढे सरकत राहतो. वैद्यकात इतके स्वस्त आणि इतके गुणकारी औषध क्वचित सापडते. त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

येथे थोडे विषयांतर करणे आम्हास भाग आहे, कारण महाळुंग्याहून आंबेठाण जवळच आहे. स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी यांनी १९७७ च्या सुमारास आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, आणि १९७८ साली चाकणच्या बाजारात कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांस रस्त्यावर उभे केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८१ साली, हेच आंदोलन निपाणीस पोचले. निपाणीचा तंबाखू म्हणजे विडीचा तंबाखू. सीमाभागातील त्या मराठी मुलखात शेतकरी तो पिकवीत, व्यापारी त्याचा भाव पाडीत, आणि वखारींतून बाया दिवसभर भुकटी उडवीत तो चाळीत. शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हमरस्ता अडविला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. सिन्नर, संगमनेर, सोलापूर येथे विड्या वळणाऱ्या बायांचा लढाही मजुरीचाच होता. मोलाचा प्रश्न न्याय्य होता याबद्दल आमच्या मनात यत्किंचित शंका नाही. पण त्या सर्व कागदपत्रांत पिकवणारा आहे, वळणारी आहे, विकणारा आहे. ओढणाऱ्याचा पाय कोठेही नाही. चाकणच्या कांद्याचा आणि निपाणीच्या तंबाखूचा इतिहास आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या खाटेसमोर बसल्यावर आमच्या लक्षात आले की त्या इतिहासाचे एक पान आम्हीही कधी उलटले नव्हते.

असो. हा रोग केवळ विडीवाल्या गरिबांचा आहे असेही नव्हे. १९४८ च्या अखेरीस, ज्याच्या नावे वर्षभरापूर्वीपर्यंत आपला देश राबविला जात होता त्या सहाव्या जॉर्ज बादशहाच्या पायास अशाच वेदना सुरू झाल्या. त्याचा रोग बर्जरचाच होता की रोहिण्या कठीण होण्याचा, याविषयी मते दोन आहेत. सिगारेटचा नाद जबर होता याविषयी एकच. मार्च १९४९ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रियेची खोली उभारून जेम्स लिअरमंथ या शल्यवैद्याने त्याच्या कमरेतील मज्जातंतूंची साखळी कापली. या तंतूंच्या हुकुमाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हुकूम देणाराच नाहीसा केला म्हणजे त्या सैल पडतात आणि कातडीस जरा अधिक रक्त मिळते, अशी ती युक्ती. ब्यूनस आयर्सच्या हूलिओ दिएस याने ती १९२४ मध्ये प्रथम या रोगावर योजिली. बादशहाचा पाय वाचला, फुप्फुस मात्र वाचले नाही. १९५२ साली तो वारला.

मोठ्या रोहिण्या तुंबल्या तर शल्यवैद्य आड वाटेने नवी नळी जोडू शकतो. रोहिणीस टाके घालण्याची विद्या आलेक्सी कारेल या फ्रेंच वैद्याने साध्य केली, आणि त्यासाठी तो लियाँ शहरातील भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे सुई चालविण्यास शिकला, ही कथा प्रसिद्ध आहे. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. पण बर्जरच्या रोगात घोट्याखालच्या बारीक वाहिन्याच मिटतात. नळी जोडावी तरी कोठे? आपल्याकडील काही शल्यवैद्यांनी पोटातील वपा, म्हणजे आतड्यांवरील रक्तवाहिन्यांनी भरलेले ते मेदाचे पांघरूण, मुळापासून न तोडता लांबवून पायाच्या स्नायूंपर्यंत ओढून नेले. कल्पना धाडसाची, आणि काहींस तिचा गुणही आला. बाकीच्यांच्या वाट्यास करवत. युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेस अश्विनांनी लोखंडी पाय दिल्याची कथा ऋग्वेदात आहे. आमच्या पुण्यात ते काम १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र करीत आहे.

आता त्या छापील कागदाकडे वळू. मूलपेशी म्हणजे जिच्यापासून स्वतःसारख्या आणि स्वतःहून निराळ्याही पेशी निपजतात अशी पेशी. तिचा पक्का पुरावा टोरांटोच्या टिल आणि मॅककलक यांनी १९६१ साली दिला. किरणांनी मज्जा जळालेल्या उंदरांस त्यांनी दुसऱ्या उंदरांची अस्थिमज्जा टोचली. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठलेल्या दिसल्या, आणि पुढे असे सिद्ध झाले की प्रत्येक गाठ ही एकाच पेशीची संतती आहे. अस्थिमज्जा बदलून रक्ताचे रोग बरे करण्याचे प्रयत्न अमेरिकेत त्यापूर्वीच चालू झाले होते. आपल्याकडे तो पहिला मान मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे जातो. मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवानी यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका लहान मुलीवर तो उपचार केला. तेव्हा मूलपेशींचा उपचार ही थाप आहे असे जे म्हणतात तेही चुकतात. रक्ताच्या ठराविक रोगांत तो चाळीस वर्षांहून अधिक काळ आपल्या देशात यशाने चालू आहे. प्रश्न आहे तो रक्तासाठी जे साधले ते रक्तवाहिन्यांसाठीही साधते काय, हा.

साधेल, अशी आशा १९९७ साली उत्पन्न झाली. रक्तवाहिन्यांचे अस्तर केवळ शेजारच्या अस्तरातून वाढते अशी तोवरची धारणा होती. बोस्टन येथे जेफ्री इझ्नर यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे ताकायुकी असाहारा यांनी त्या वर्षी दाखविले की प्रौढ मनुष्याच्या वाहत्या रक्तातच अशा काही पेशी असतात की ज्या रक्ताभावाने त्रस्त झालेल्या जागी जाऊन तेथील वाहिन्यांच्या घडणीत भाग घेतात. मग त्या मज्जेतून काढून सुकल्या पायात थेट का टोचू नयेत? जपानातील वैद्यांनी तेच केले आणि २००२ साली त्याचे फलित प्रसिद्ध केले. ज्यांचे दोन्ही पाय रोगग्रस्त होते अशा बावीस रुग्णांच्या एका पोटरीत मज्जेतील पेशी आणि दुसऱ्या पोटरीत साध्या रक्तातील पेशी टोचल्या. एकाच माणसाचे दोन पाय एकमेकांशी ताडून पाहण्याची ही रीत आम्हास फार आवडली. मज्जेचा पाय सरस ठरला: वेदना कमी झाली, चालणे वाढले.

जगभर उत्साहाची लाट आली. हृदयाच्या झटक्याने मेलेले स्नायूदेखील मज्जेच्या पेशींनी पुन्हा उगवतात, असे उंदरांवरील प्रयोगांतून २००१ सालीच सांगितले गेले होते, आणि त्या भरवशावर हजारो रोग्यांच्या हृदयांत पेशी सोडल्या गेल्या. तीन वर्षांत इतर प्रयोगशाळांनी कळविले की आम्हास तसे काही दिसत नाही. पण लाट ओसरली नाही. २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने, त्या विषयाचे अग्रणी मानले गेलेले पिएरो आन्व्हेर्सा यांच्या प्रयोगशाळेचे एकतीस निबंध मागे घ्यावेत अशी शिफारस केली, कारण त्यांत बनावट माहिती होती. शिलालेख खोटा निघाला म्हणजे त्यावर रचलेली वंशावळ कोसळते, हा अनुभव आम्हा इतिहासवाल्यांस नवा नाही. पण आमच्या वंशावळीसाठी कोणी छातीत सुई टोचून घेत नाही.

पायांच्या बाबतीत अप्रामाणिकपणाचा प्रश्न नव्हता. परीक्षा अधिक कठोर झाली इतकेच. हॉलंडमध्ये १६० रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांच्या रोहिणीत मज्जेच्या पेशी आणि निम्म्यांच्या रोहिणीत तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य तीन वेळा सोडण्यात आले. कोणास काय मिळाले हे रोग्यासही ठाऊक नाही, वैद्यासही नाही. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला: पाय कापण्याच्या प्रमाणात दोहोंत फरक पडला नाही. याहून बोधक गोष्ट अशी की बरे वाटणे, वेदना उतरणे, हे दोन्ही बाजूंच्या रोग्यांत सारखेच आढळले. आपल्या देशातही मेंदूचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात झालेल्या १२० रुग्णांवर पाच केंद्रांत अशीच कसोटी घेतली गेली; २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे उत्तरही नकारार्थीच होते. अशा निकालांना वर्तमानपत्रांत जागा मिळत नाही. वस्तुतः त्यांस पहिल्या पानावर छापावयास हवे.

मग सर्वच आशा खोटी म्हणावयाची काय? आम्ही तसे म्हणणार नाही. टोचलेल्या पेशी स्वतः रक्तवाहिन्या बनतात ही कल्पना आता बहुतेक तज्ज्ञांनी सोडली आहे. त्यांतील बहुसंख्य पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. पण जाता जाता त्या काही द्रव्ये सोडतात आणि त्यांच्या योगाने दाह शमतो व आसपासच्या बारीक वाहिन्यांस वाढण्याची चालना मिळते. १९९१ मध्ये अशा पेशींच्या एका प्रकारास 'मूलपेशी' हे नाव रूढ करणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ साली, ते नाव बदला, त्याने लोक फसतात, असे लिहिले. स्वतः दिलेले नाव परत मागणारा पंडित विरळाच.

या दुसऱ्या मार्गाने आपल्या देशात एक औषध खरोखरच तयार झाले आहे. मणिपाल समूहाच्या बंगळूर येथील स्टेमप्युटिक्स या संस्थेने निरोगी तरुण दात्यांच्या मज्जेतील पेशी एकत्र करून त्या काचपात्रांत वाढविल्या. द्रवरूप नत्रवायूच्या थंडीत त्या साठवून ठेवतात आणि लागतील तेव्हा पोटरीच्या स्नायूत अनेक ठिकाणी टोचतात. बर्जरच्या रोगासाठी २०१६ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी त्यास मर्यादित परवानगी दिली, आणि २०२० मध्ये ती रोहिण्या कठीण होऊन पाय धोक्यात आलेल्यांपर्यंत विस्तारली. ज्या प्रयोगाच्या आधारे पहिली परवानगी मिळाली त्यात नव्वद रुग्ण होते. पैकी बहात्तरांस पेशी मिळाल्या व अठरांस नेहमीचा उपचार. वेदना आणि जखमा यांत पेशी मिळालेल्यांचे चित्र अधिक चांगले दिसले. मात्र रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती आणि कोणास काय मिळाले हे सर्वांस ठाऊक होते. हॉलंडची हकीकत वाचून आलेल्या वाचकास या वाक्याचे वजन निराळे सांगावयास नको. आमचे मत विचाराल तर असे, की हे औषध निराधार नाही आणि सिद्धही नाही. ज्यास दुसरा मार्ग उरलेला नाही त्याने ते जाणत्या वैद्याच्या हातून, परवानगीचे कागद पाहून घ्यावे, यात गैर काही नाही.

महाळुंग्याहून परतताना वाटेत पिंपरी लागते. तेथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली आणि देशाचे पहिले सरकारी पेनिसिलिन तेथे बनू लागले. बुरशी हीही सजीवच. पण तेथे बुरशी टाकीत राहते आणि तिचे द्रव्य तेवढे कुपीत उतरते. ते मोजता येते, आणि एक कुपी दुसरीसारखीच आहे हे पडताळता येते. मूलपेशींच्या औषधात बुरशीच कुपीत भरावयाची आहे, म्हणजे जिवंत पेशीच औषध. एका दात्याच्या पेशी दुसऱ्याच्या पेशींसारख्या नसतात, आज वाढविलेल्या कालच्यासारख्या नसतात. त्यामुळे येथे कारखान्याची शिस्त पेनिसिलिनहूनही कडक हवी. हे तत्त्व पुण्यास अपरिचित नाही; गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र पेशी वाढविण्याचे व त्या देशभरच्या संशोधकांस पुरविण्याचे काम कित्येक वर्षे करीत आहे.

कायद्याच्या भाषेनेही एक पाऊल मागे घेतले आहे, आणि ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्याजोगे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांच्या मथळ्यात 'मूलपेशी संशोधन आणि उपचार' असे शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीतून 'उपचार' हा शब्द गाळण्यात आला, आणि २०१७ च्या आवृत्तीतही तो परत आला नाही. रक्ताच्या मान्य रोगांवरील मज्जारोपण सोडले तर बाकी सर्व संशोधनच समजावे आणि संशोधनासाठी रोग्याकडून पैसा घेऊ नये, असा त्याचा आशय. मथळ्यातला एक शब्द पुसला गेला. जाहिरातींतला पुसला गेला नाही.

महाळुंग्यास आम्ही त्या कागदावर तीन प्रश्न लिहून दिले : पेशी कोणाच्या, त्या कोठे वाढविल्या, आणि परवानगीचा क्रमांक कोणता. विद्यार्थी ते घेऊन त्या दवाखान्यात गेला. तेथे त्यास चहा मिळाला, आणखी एक रंगीत पुस्तिका मिळाली, आणि दर पुढल्या महिन्यात वाढणार असल्याची बातमी मिळाली. उत्तरे मिळाली नाहीत. विसारही परत मिळाला नाही. आईने सोन्याच्या पाटल्या मोडून तो दिला होता, हे आम्हास मागाहून कळले.

मग पुण्यातील एका सरकारी रुग्णालयात त्यास दाखविले. तेथील तरुण डॉक्टरीण बाईंनी तपासणी केली, फोटो काढविले, आणि सांगितले ते इतकेच, की बोट जाईल, पाय राहू शकेल, पण आजपासून एकही विडी ओढली तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका. बोट काढले. विडी सोडावयास त्यास फार जड गेले. भाऊ पहाटेपर्यंत जागत बसे आणि घरातील काडेपेटी पंपावर काम करणाऱ्या शेजाऱ्याकडे ठेवावयास देई. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा जखम भरली होती आणि तो पाय वर घेऊन निजू लागला होता. मारुतीच्या देवळापर्यंत अजून एकदा थांबावे लागते, असे तो म्हणाला.

उद्या दुखणे उलटले तर त्या बंगळूरच्या औषधाचा विचार करावा लागेल काय, असे विद्यार्थ्याने निघताना विचारले. लागेल, असे आम्ही म्हणालो, आणि तेव्हाही हेच तीन प्रश्न विचार. पहिला छापील कागद आता आमच्याकडेच आहे. निपाणीच्या आंदोलनाच्या टिपणांच्या पुडक्यात तो ठेवून दिला आहे.